जुना लेथ पुन्हा कामाला लावताना: आधी माप, मग पाना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या वर्कशॉपसाठी पाच इंच सेंटर हाइटचा (बेडपासून फिरणाऱ्या अक्षाची उंची) जुना, बेल्टवर चालणारा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवून टूलने कापायचं मशीन, मिळाला आहे. बरीच वर्षं तो शेडमध्ये बंद पडून होता. बेडवर, म्हणजे खालच्या लांब पायावर, गंज आहे, चक (जॉब पकडणारा भाग) स्पिंडलवर (त्याला फिरवणाऱ्या दांड्यावर) जाम आहे, क्रॉस स्लाइड (टूल आडवं आत-बाहेर नेणारा भाग) ढिली आहे. मोटर थ्री फेज आणि घरी जोडणी सिंगल फेज. लेथ पूर्ण खोलायचा, बेड ग्राइंडिंगला द्यायचा, रंग मारायचा आणि पुन्हा जोडायचा, हा क्रम बरोबर आहे का?

बरोबर नाही. बेड तर आत्ता मुळीच ग्राइंडिंगला देऊ नका. बेडवरून धातू निघाला की त्यावर सरकणारी, टूल वाहणारी सॅडल तेवढी खाली उतरते. सॅडलबरोबर तिच्यापुढचा एप्रन उतरतो आणि त्यातले हाफ नट, म्हणजे लीड स्क्रूला (आटे कापताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूला) पकडणारे अर्धे नट, त्या स्क्रूच्या रेषेतून खाली सरकतात. टेलस्टॉकही (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) उतरतो, पण हेडस्टॉकची (स्पिंडल धरणाऱ्या पेटीची) बैठक तशीच ठेवली असेल तर स्पिंडल जागेवरच राहतो. म्हणजे एक सपाट पृष्ठभाग मिळवण्यासाठी चार ठिकाणची जुळणी मोडते आणि ती पुन्हा बसवायला सॅडलखाली पट्ट्या चिकटवून स्क्रॅपिंग (हाताने खरवडून जुळवणं) करावं लागतं. हे काम करता येतं, पण त्याची खरोखर गरज आहे का हे मापानेच ठरतं. बंद पडलेल्या लेथच्या बहुतेक तक्रारी सुकलेलं तेल, ढिल्या गिब (सरकत्या भागांतली फट भरणाऱ्या पट्ट्या), चुकीच्या बसवण्याने पिळलेला बेड आणि बिघडलेलं चक यांतून येतात. बेडच्या झिजेचा नंबर त्यांच्या नंतर लागतो.

म्हणून काहीही खोलण्याआधी मशीन आज कशी आहे ते मोजून लिहून ठेवा. एकदा खोललं की मूळ स्थिती कळायचा मार्ग उरत नाही. यासाठी ०.०१ मिमीचा डायल गेज (काट्याने बारीक हालचाल दाखवणारा), मॅग्नेटिक बेस, मायक्रोमीटर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) एवढं पुरतं. बेडचे मार्ग रॉकेलने पुसून घ्या, कडेला उठलेले ओरखडे बारीक ऑइल स्टोनने हलकेच बसवा, आणि एवढ्यावरच थांबून मोजायला लागा.

पहिलं माप स्पिंडलचं. डायल गेजचं टोक स्पिंडलच्या आतल्या मोर्स टेपरला, म्हणजे निमुळत्या भोकाला, लावा आणि स्पिंडल हाताने हळू फिरवा. ०.०१ मिमीच्या आत रनआउट (फिरताना काट्यात पडणारा फरक) आला तर उत्तम. ०.०३ च्या वर गेला तर आधी टेपर पुन्हा पुसा, कारण आत चिकटलेला एखादा कणसुद्धा एवढा फरक दाखवतो. चकमध्ये पकडलेल्या बारवरून स्पिंडलचा रनआउट कधीच ठरवू नका. तीन जॉचं चांगलं चकही ०.०५ ते ०.०८ मिमी रनआउट दाखवतं.

मग बेअरिंगचा खेळ. डायल गेज स्पिंडलच्या नाकावर वरून टेकवा, स्पिंडलच्या भोकात जाड बार घाला आणि अंदाजे ३० किलोच्या जोराने वर उचला. बुश (साध्या नळीसारख्या) बेअरिंगच्या लेथवर ०.०२ ते ०.०३ मिमी हालचाल हवीच, तेलाच्या थराला तेवढी जागा लागते. काटा मुळीच हलला नाही तर कोणीतरी बुश जास्त आवळलेलं आहे आणि मशीन सुरू केल्यावर ते तापेल. काटा ०.०६ ते ०.०८ पर्यंत गेला तर आवळायला वाव आहे. टेपर रोलर बेअरिंग असेल तर खेळ जवळजवळ शून्य असायला हवा. तिथे हाताने फिरवताना कुठे खरखर जाणवते का, ते बोटांनी पाहा.

बेडची झीज तपासायची सगळ्यात सोपी पद्धत हाताचीच आहे. कॅरेज (सॅडल आणि एप्रन मिळून) चकजवळ आणा आणि खालच्या पकड-पट्ट्या अशा आवळा की ते जेमतेम सरकेल. आता ते टेलस्टॉककडे न्या. वाटेत ते जड झालं किंवा अडकलं, तर चकजवळचा भाग झिजलेला आहे हे नक्की, कारण सगळं काम त्या पहिल्या १५०-२०० मिमीतच होत असतं. आकडा हवा असेल आणि टेलस्टॉकचे मार्ग कॅरेजच्या मार्गांपासून वेगळे असतील, तर डायल गेज टेलस्टॉकच्या बैठकीवर बसवा, टोक कॅरेजच्या मार्गावर टेकवा आणि टेलस्टॉक पूर्ण लांबी सरकवा. टेलस्टॉकचे मार्ग फारच कमी झिजतात, त्यामुळे ते बऱ्यापैकी विश्वासार्ह आधार ठरतात.

समजा चकजवळ बेड ०.१ मिमी बसलेला निघाला. आकडा भीतीदायक वाटतो, म्हणून त्याचा कामावर काय परिणाम होतो ते नीट समजून घ्या. टूल सरळ खाली गेलं तर त्रिज्येत पडणारा फरक म्हणजे उताराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट. ५० मिमी व्यासाच्या जॉबवर त्रिज्या २५ मिमी. ०.१ चा वर्ग ०.०१, त्याला ५० ने भागलं की ०.०००२ मिमी. व्यासात ०.०००४. घरच्या मायक्रोमीटरवर हे दिसणारही नाही. १० मिमी व्यासाच्या जॉबवर व्यासाचा फरक ०.००२ मिमी, तोही क्षुल्लक. पण टूल आडवं सरकलं, म्हणजे ऑपरेटरच्या बाजूला ०.१ मिमी आलं, तर व्यासात थेट ०.२ मिमीचा फरक पडतो. म्हणून सपाट बेडची उभी झीज बरीच सहन होते. व्ही आकाराच्या बेडवर पुढच्या व्हीचा एकच उतार जास्त झिजला असेल तर कॅरेज खाली जाता जाता आडवंही सरकतं, तिथे लक्ष घालावं लागतं. माझं मत असं की चकजवळची झीज ०.०५ मिमीपर्यंत असेल तर बेडला हात लावू नये. ०.१ पर्यंत असेल तरीही आधी बाकी सगळं दुरुस्त करून, जॉब काढून पाहावा आणि मगच विचार करावा.

आता खोलायला हरकत नाही. प्रत्येक जोडणीचा खोलण्याआधी दोन बाजूंनी फोटो घ्या. स्क्रू, शिम (फटीत घालायची पातळ पट्टी), वॉशर एकेका जोडणीप्रमाणे वेगवेगळ्या पिशवीत ठेवून वर नाव लिहा. शिम तर जिथून निघाली ती जागा, बाजू आणि जाडी लिहूनच बाजूला ठेवा. हेडस्टॉक बेडवरून काढू नका. कारखान्यात तो बेडशी जुळवून बसवलेला असतो आणि बहुतेक वेळा तो काढण्याचं काहीच कारण नसतं.

खोलताना सर्वांत जास्त नुकसान दोन ठिकाणी होतं. पहिलं ठिकाण टेपर पिन. लीड स्क्रूचा कॉलर, हँडव्हीलचा बॉस, गिअर लिव्हर अशा जागी आरपार पिन असते आणि ती एका बाजूला बारीक होत जाते. मेट्रिक पिनचा टेपर ५० ला १, इंची पिनचा ४८ ला १. ३० मिमी लांब पिनच्या दोन टोकांच्या व्यासात जेमतेम ०.६ मिमी फरक असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. रंग खरवडा, दोन्ही टोकं कानशीने किंचित चकचकीत करा आणि व्हर्नियरने मोजा. बारीक टोकावरच ठोकायचं. शाफ्टला दुसऱ्या बाजूने लाकडाचा किंवा पितळेचा भक्कम टेकू द्या, नाहीतर शाफ्ट वाकतो. पंच पिनच्या बारीक टोकाहून थोडा लहान व्यासाचा, सपाट तोंडाचा घ्या आणि जड हातोडीचा एकच दणदणीत घाव घाला. हलके हलके वीस घाव घातले तर पिनचं टोक फुगून रिव्हेट होतं आणि मग ड्रिलने काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पिन निघाली की जाड टोक कोणत्या बाजूला होतं त्याची खूण शाफ्टवर लगेच करा.

पिन नसून ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, भोकात बुडणारा स्क्रू) असेल आणि तो काढूनही पुली हलत नसेल, तर त्याच भोकात टॉर्च मारून पाहा. बरेचदा एका ग्रब स्क्रूवर दुसरा, लॉक म्हणून, बसवलेला असतो. हे न पाहता पुलीला पुलर लावला की कास्ट आयर्नचा काठ फुटतो. कास्ट आयर्न दाब सोसतं, पण ताण आणि धक्का सोसत नाही. त्याच्यावर लोखंडी हातोडी कधीच थेट मारू नका.

दुसरं ठिकाण म्हणजे जाम झालेलं चक. बॅक गिअर (वेग कमी करणारे जादा गिअर) गुंतवायचा, बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची) लॉक पिनही लावायची आणि स्पिंडल असा अडकवून चकवर जोर काढायचा, हा प्रकार सर्रास चालतो. जुन्या लेथच्या बॅक गिअरचे तुटलेले दात बहुतांशी याच प्रकाराने तुटलेले असतात. हे करू नका. आधी पाहा की चक किंवा बॅक प्लेटवर (चकमागच्या तबकडीवर) लॉक स्क्रू नाही ना. मग चकमागच्या सांध्यात गंज सोडवणारं तेल सोडा आणि एक-दोन दिवस अधूनमधून पुन्हा सोडत राहा. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समसमान घेतलं तरी चांगलं चालतं, मात्र ते भडकन पेट घेतं, आसपास ठिणगी नको. स्पिंडल पकडायला मोठ्या पुलीभोवती पट्ट्याचा पाना आवळा. चकच्या जॉमध्ये जाड षट्कोनी बार धरा, त्यावर लांब पाना लावा आणि टेलस्टॉककडून चककडे पाहताना घड्याळाच्या उलट दिशेला झटका द्या. तरीही हललं नाही तर बॅक प्लेट हॉट एअर गनने तापवा आणि स्पिंडल गार राहू द्या. शेवटचा उपाय म्हणजे चकचे बोल्ट काढून चक बॅक प्लेटपासून वेगळं करायचं, मग बॅक प्लेटला सगळ्या बाजूंनी हात पोचतो. या सगळ्या वेळी बेडवर जाड लाकडी फळी आडवी टाकलेली असलीच पाहिजे.

गंजाचं म्हणाल तर बेडवर सँडर, ग्राइंडर किंवा एमरीचा पट्टा चालवू नका. त्यातला ॲब्रेसिव्ह कास्ट आयर्नच्या छिद्रांत रुततो आणि पुढे सॅडलखाली महिनोन्महिने घासत राहतो. रॉकेल आणि पितळेची लोकर घ्या, चिकट डागांवर दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडा. गंज निघाल्यावर काळा डाग राहील, तो राहू द्या. बोट फिरवल्यावर लागत नाही आणि नख अडकत नाही तो डाग कामाला आड येत नाही. गंजाने पडलेले खड्डेही, कडा उठलेल्या नसतील तर, निव्वळ तेल साठायच्या जागा आहेत. अडचण होते ती फक्त वर आलेल्या भागाची.

टूलपोस्टचे भाग, हँडल, पाने, बोल्ट यांना इलेक्ट्रोलिसिस उत्तम. प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाण्याला साधारण ४० ग्रॅम धुण्याचा सोडा घाला. खाण्याचा सोडा नव्हे, सोडियम कार्बोनेट. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या पत्र्याला जोडा. स्टेनलेस स्टीलचा पत्रा वापरू नका, पाण्यात क्रोमियमचे विषारी संयुग उतरते. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय तारा काढू नका. ॲल्युमिनियम, पितळ आणि जस्ताच्या मिश्रधातूचे भाग त्यात घालू नका. कडक केलेल्या स्प्रिंगलाही इलेक्ट्रोलिसिस नको, हायड्रोजन पोलादात शिरून ती ठिसूळ होते. बाहेर काढलेला भाग काही मिनिटांतच पुन्हा तांबूस पडतो, तेव्हा लगेच गरम पाण्याने धुवा, कोरडा करा आणि तेल लावा. ५ टक्के सायट्रिक ॲसिडचं पाणीही चालतं, पण दर अर्ध्या तासाने पाहा. रात्रभर राहिलेल्या भागाचा मशीन केलेला पृष्ठभाग खरखरीत होऊन निघतो.

सुकलेलं तेल गंजापेक्षा घातक असतं, कारण ते दिसत नाही. हेडस्टॉकच्या आणि एप्रनच्या प्रत्येक तेलाच्या भोकात तार घालून पाहा. रॉकेल सोडा आणि दुसऱ्या टोकाला ते बाहेर येतं का ते बघा. वात असेल तर ती बदला, जुनी वात गोंदासारखी घट्ट झालेली असते. मुख्य म्हणजे, तेलाच्या निपलमध्ये आधीच्या मालकाने ग्रीस भरलेलं आहे का हे पाहा. निपल ग्रीसच्या निपलसारखाच दिसतो, त्यामुळे हे वारंवार घडतं. ग्रीस अरुंद वाटेत अडकून बसतं आणि मागून येणारं तेल बुशपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी बुश काढून वाट मोकळी करण्याला पर्याय नाही. बेडच्या उघड्या मार्गांवरही ग्रीस नको, त्यात कीस धरून राहतो.

तेल कोणतं? मशीनचं मूळ पुस्तक हाताशी असेल तर त्यातलंच. नसेल तर वेगात फिरणाऱ्या बुश बेअरिंगला आयएसओ व्हीजी (तेलाच्या घट्टपणाचा आकडा) २२ किंवा त्याच्या आसपासचं पातळ स्पिंडल ऑइल, गिअर असलेल्या हेडस्टॉकला व्हीजी ३२ ते ६८ चं हायड्रॉलिक ऑइल, बेड आणि स्लाइडला व्हीजी ६८ चं स्लाइडवे ऑइल. इंजिन ऑइलमधला डिटर्जंट घाण तेलातच तरंगत ठेवतो. गाडीत ती फिल्टर पकडतो, इथे फिल्टर नाही. पितळ किंवा ब्राँझचे बुश असतील तिथे गंधकयुक्त ईपी (जास्त दाबासाठीचं) गिअर ऑइल टाळा, पिवळा धातू त्याने काळा पडून खाल्ला जातो.

बुशमध्ये खेळ जास्त निघाला होता तर तो आता काढा. मुद्दाम उभा काप दिलेल्या बुशच्या किंवा टोपीच्या दोन्ही बाजूंना शिमा असतात. दोन्हीकडून सारख्याच जाडीची, एका वेळी ०.०२ ते ०.०५ मिमी, शिम काढा, पूर्ण आवळा आणि पुन्हा बार उचलून मोजा. शिम काढून बोल्ट ढिला ठेवायचा आणि तो ‘जुळवायचा’ हा मार्ग नाही, बोल्ट नेहमी पूर्ण आवळलेलाच असला पाहिजे.

क्रॉस स्लाइड ढिली असेल तर दोन गोष्टी वेगळ्या करा, स्लाइडचा खेळ आणि स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना हँडल रिकामं फिरणं. स्लाइडचा खेळ गिबने जातो. गिब काढून पुसा, ती सरळ आहे का ते पाहा. मागच्या मालकाच्या आवळण्याने पातळ गिब स्क्रूंच्या मध्ये वाकलेल्या निघतात. परत बसवताना सगळे लॉकनट ढिले करा, मधला स्क्रू आधी, मग बाहेरचे, एकेक करून स्लाइड जड होईपर्यंत फिरवा आणि तिथून किंचित मागे घ्या. लॉकनट आवळताना स्क्रू फिरू देऊ नका. मग स्लाइड पूर्ण लांबीत चालवा. ती मध्ये सैल आणि टोकांना घट्ट लागली तर डव्हटेल (स्लाइडचा तिरप्या कडांचा मार्ग) झिजलेला आहे. टोकांवर न अडकेल इतपतच आवळून काम करा. नेहमीचं काम मधल्या भागात चालत असेल तर रोजच्या उपयोगासाठी तो भाग धरून गिब लावली तरी चालेल.

बॅकलॅश मात्र तितका मोठा शत्रू नाही. ०.१ ते ०.२ मिमीचा बॅकलॅश असलेल्या लेथवर अचूक काम होतं, कारण शेवटचा कट नेहमी एकाच दिशेने आत जाऊन घ्यायचा असतो. बॅकलॅश स्क्रूच्या मध्यावर मोजा आणि टोकाजवळही मोजा. दोन्हीकडे सारखा असेल तर नट झिजलेला आहे, नवीन ब्राँझचा नट घालून प्रश्न सुटतो. मध्यावर जास्त आणि टोकाला कमी असेल तर स्क्रूच झिजला आहे. त्यावर घट्ट नट बनवला तर तो टोकांना अडकेल, म्हणून दोन्ही नवीन करावे लागतात. नट बनवून घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. क्रॉस स्लाइडचा स्क्रू बहुधा डाव्या हाताचा असतो. इंची ॲक्मे आटा २९ अंशांचा आणि मेट्रिक ट्रॅपेझॉइडल ३० अंशांचा, ते एकमेकांत नीट बसत नाहीत. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) एका आट्यावर न मोजता दहा आट्यांच्या अंतरावर मोजा, कारण इंचात १० आटे म्हणजे २.५४ मिमी आणि मेट्रिक २.५ मिमी यांतला फरक एका आट्यात ०.०४ मिमी आहे, दहा आट्यांत मात्र ०.४ मिमी होतो आणि व्हर्नियरवर स्पष्ट दिसतो.

तोच घोळ चेंज गिअरचा (आटे कापताना लीड स्क्रूचा वेग ठरवणारे, बदलता येणारे गिअर). हरवलेला गिअर मागवताना दात मोजून भागत नाही. बाहेरचा व्यास मिमीत मोजा आणि दातांच्या संख्येत २ मिळवून त्याने भागा, मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचा आकडा, मिळतो. ४० दातांच्या गिअरचा व्यास ५२.५ आला तर मॉड्यूल १.२५. ५३.३ आला तर तो इंची २० डीपी (व्यासाच्या दर इंचामागे दात). दोघांत एक मिलिमीटरचाही फरक नाही. शेजारी धरले तर जुळल्यासारखे वाटतात, फिरवले तर ओरडतात आणि दात खातात. जुने इंची गिअर बरेचदा साडेचौदा अंशांच्या दाबकोनाचे (दाताच्या बाजूचा कल) आणि नंतरचे २० अंशांचे असतात, तेही मिसळू नका. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे तंतोतंत कापायचे असतील तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण २५.४ ची पाचपट १२७ होते.

मोटर बदलायची घाई नको. नेमप्लेटवर २३०/४०० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर ती व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून तीन फेज बनवून मोटरचा वेग बदलणारं यंत्र) सिंगल फेजने छान चालेल. असा व्हीएफडी २३० व्होल्टचेच तीन फेज देतो, म्हणून मोटरची जोडणी स्टारवरून डेल्टावर घ्यावी लागते. फक्त ४०० व्होल्ट स्टार असेल आणि वाइंडिंगची सहा टोकं बाहेर काढलेली नसतील तर ते काम वाइंडरचं आहे. व्हीएफडी जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासा. १ मेगाओमच्या खाली असेल तर बहुधा ओल धरलेली आहे, मोटर खोलून ६०-७० अंशांवर काही तास वाळवा आणि पुन्हा मोजा. व्हीएफडी आणि मोटरमध्ये जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच राहू देऊ नका. चालू असताना तो तोडला की व्हीएफडी जळू शकतो. तो स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवर घ्या. आणि हे विसरू नका: आट्यांनी बसणारं चक असेल तर थांबायचा वेळ किमान ३ ते ५ सेकंद ठेवा. झटक्यात ब्रेक लागला किंवा एकदम उलटं फिरलं की चक स्वतःच्या वजनाच्या जोराने उलगडून बाहेर येतं. फार कमी फ्रिक्वेन्सीवर मोटरचा पंखाही हळू फिरतो, तेव्हा वेग कमी करायचा असेल तर बॅक गिअरच वापरा. त्यातून टॉर्कही मिळतो. वायरिंग, अर्थिंग आणि वीज गेल्यावर आपोआप सुटणारा स्विच हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

व्ही बेल्ट बरीच वर्षं एकाच जागी ताणलेला असेल तर तो तिथे वळण धरतो आणि प्रत्येक फेरीला ठोका देतो. जॉबवर ठरावीक अंतराने पट्टे उमटू लागले तर बेअरिंगच्या आधी बेल्ट बदलून पाहा. कड्यांचा बेल्ट घेतला तर स्पिंडल न काढता बसवता येतो.

पहिली फेरी हातानेच. मग सर्वांत कमी वेगावर पंधरा-वीस मिनिटं चालवा, बेअरिंगजवळ हात ठेवून पाहा, मग एकेक पायरी वेग वाढवा. कोमट होणं ठीक. हात टेकवता येत नाही इतकं तापलं तर थांबवून तेल आणि शिम दोन्ही तपासा.

आता बसवणं. इथेच बहुतेक लेथ बिघडतात. लहान लेथचा बेड वाटतो तितका ताठ नसतो. असमान स्टँडवर चारही बोल्ट आवळले की तो पिळतो. बोल्ट ढिले ठेवून प्रत्येक पायाखाली फीलर गेज घालून पाहा आणि फट असेल तेवढी शिम द्या. दर मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी स्पिरिट लेव्हल मिळाली तर बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सारखं वाचन आणा. लेथ जमिनीला समांतर नसला तरी चालेल, दोन्ही टोकं एकमेकांशी समांतर हवीत.

खरी परीक्षा जॉबवर होते. ४० मिमी व्यासाचा बार चकमध्ये घट्ट धरा, साधारण १८० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. मधला भाग मिलिमीटरभर उतरवा म्हणजे दोन्ही टोकांना २० मिमी रुंदीच्या पट्ट्या उरतील. धारदार एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, ०.१ मिमीचा शेवटचा कट दोन्ही पट्ट्यांवरून एकाच दमात घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही पट्ट्या ०.०१ मिमीच्या आत आल्या तर पुरेसं आहे. बाहेरची पट्टी मोठी आली तर टूल त्या टोकाला अक्षापासून लांब जातं आहे. टेलस्टॉककडच्या पुढच्या, म्हणजे ऑपरेटरच्या बाजूच्या पायाखाली शिम वाढवा. बेडचा माथा किंचित मागे कलतो आणि टूल अक्षाकडे सरकतं. बाहेरची पट्टी लहान आली तर मागच्या पायाखाली वाढवा. दर वेळी बोल्ट आवळून नवा कट घेऊनच मोजा. ०.०५ मिमीच्या शिमेनेही वाचन बदलतं, म्हणून जाड पत्रे घालू नका. फरक ०.१ मिमीच्या पुढे असेल आणि शिमांनी हटत नसेल तरच हेडस्टॉक बेडवर फिरलेला आहे असं समजा.

हे जुळल्यावरच टेलस्टॉकला हात लावा, आधी नाही. चकमध्ये मऊ पोलादाचा तुकडा धरून त्याला जागेवरच ६० अंशांचं टोक द्या, म्हणजे ते नक्की सेंटरमध्ये असतं. त्या टोकात आणि टेलस्टॉकच्या सेंटरमध्ये दोन्ही टोकांना सेंटर पाडलेला ग्राउंड बार धरा. डायल गेज कॅरेजवर बसवून बारच्या बाजूने आणि वरून दोन्हीकडे फिरवा. बाजूचा फरक सेट-ओव्हर (टेलस्टॉक बाजूला सरकवणाऱ्या) स्क्रूने जातो. वरून टेलस्टॉकचं टोक खाली आलं असेल, आणि जुन्या लेथवर ते येतंच, तर टेलस्टॉकच्या दोन भागांमध्ये तेवढीच शिम घाला. ०.०१-०.०२ मिमी वर राहिलं तर उत्तम, पुढे ते झिजून खालीच येणार आहे.

रंग सर्वांत शेवटी, आणि मी तर म्हणेन दोन-तीन महिने मशीन चालवून झाल्यावर. तेवढ्यात आणखी काही खोलावं लागलं तर नवा रंग खराब होत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. केमिकलने मऊ करून ओला खरवडा आणि मास्क लावा. रंगाच्या एका हाताचा थर साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी जाड असतो, म्हणजे वर दिलेल्या शिमांइतकाच. त्यामुळे पायांच्या खालच्या बाजूला, ब्रॅकेटच्या बैठकीवर, टेलस्टॉकच्या सांध्यात, कुठेही एकमेकांवर बसणाऱ्या पृष्ठभागावर रंगाचा थेंबही जाता कामा नये. मास्किंग टेप रंग अर्धवट वाळलेला असतानाच काढा. स्टँड लाकडाचं असेल तर रंगानंतर दोन पट्ट्यांची चाचणी पुन्हा घ्या, आणि त्यानंतर ऋतू पालटला की दर वेळी.